बंब येईपर्यंतची माणसं

मराठी वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचा साचा ठरलेला आहे. गाव, वय, ‘अल्पशा आजाराने निधन’, मग ओळख: माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, प्रगतिशील शेतकरी, भजनी मंडळाचे जुने सदस्य. शेवटी ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे’. या साच्यात पदं मावतात, नाती मावतात. पण पंचवीस-तीस वर्षं गावात कुणाचाही गोठा पेटला की हातातलं काम टाकून धावत सुटलेल्या माणसाचं ते धावणं कुठं मावत नाही. अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या एखाद्या लहान गावात अशाच बातमीत तो माणूस गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात किती वर्षं होता, हे बायकामुलांच्या नावांशेजारी छापलेलं असतं. तिथली माणसं आपल्यापेक्षा जास्त कृतज्ञ आहेत, असं मानायचं कारण नाही. तिथं दल आहे, हजेरीपट आहे, दलात दाखल झाल्याची तारीख आहे, म्हणून मागे राहिलेल्यांना लिहायला काहीतरी हाताशी असतं. आपल्याकडे काम आहे, ते करणारा माणूसही आहे; नोंद मात्र नाही. म्हणून खुलताबादसारख्या तालुक्यात अशा माणसाचं स्मरण करायचं असेल, तर त्याची सुरुवात त्याच्या हयातीतच करावी लागेल, आणि ती नोंद, प्रशिक्षण आणि विमा या तीन रुक्ष गोष्टींनी करावी लागेल, असं मला वाटतं.

खुलताबाद छत्रपती संभाजीनगरपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढला की तटबंदीतलं जुनं गाव लागतं. दर्गे, औरंगजेबाची कबर, भद्रा मारुतीचं देऊळ सगळं इथंच. जवळच वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वर, वर म्हैसमाळचं पठार आणि चहूकडे विखुरलेल्या शेतवस्त्या. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला भद्रा मारुतीला लोटणारी गर्दी, उरुसाची गर्दी, महाशिवरात्रीला वेरूळची गर्दी. प्रत्येक गर्दीबरोबर कापडी मंडप, गॅसच्या शेगड्या आणि आकडे टाकून घेतलेली वीज आलीच. फेब्रुवारी सरला की डोंगरावरचं गवत वाळून कोळ होतं. एप्रिल २०२५ मध्ये दौलताबादच्या, म्हणजेच देवगिरीच्या किल्ल्यावर असंच वाळलेलं गवत पेटलं, तेव्हा डोंगरावरच्या आगीपुढे रस्त्यावरचा बंब किती तोकडा पडतो ते अख्ख्या जिल्ह्याने पाहिलं. आगीच्या बाबतीत सल्ला देणाऱ्या केंद्राच्या स्थायी परिषदेने बंब पोचण्यासाठी शहरात पाच ते सात मिनिटं आणि ग्रामीण भागात वीस मिनिटं हा निकष घालून दिला आहे. घाटात न थांबता ताशी साठच्या वेगाने गाडी हाकली, तरी पंचवीस किलोमीटरला पंचवीस मिनिटं लागतात. आणि भरलेला बंब घाटात साठने चढत नाही. शहरातून किंवा वाळूज औद्योगिक वसाहतीतून बंब मागवायची वेळ आली, तर हा निकष गाडी निघण्याआधीच मोडलेला असतो.

अंतर हे याचं एक कारण. दुसरं थेट राज्यघटनेत सापडतं. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची कामं दिली आहेत आणि त्यांत अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. शेती, पाणंद रस्ते, पिण्याचं पाणी, ग्रंथालय, बाजार सगळं आहे, आग विझवणं नाही. म्हणजे खुलताबाद नगरपरिषदेच्या हद्दीतली आग हे कागदोपत्री कुणाचंतरी काम आहे, आणि हद्दीबाहेरच्या वस्तीवरची आग ही शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर सोडलेली बाब आहे. तो चांगुलपणा खरा आहे आणि वर्षानुवर्षं टिकलेला आहे. पण ज्या कामाला कायद्याने धनी ठरवलेला नाही, त्याला अंदाजपत्रकात रकाना मिळत नाही. ज्याला रकाना नाही त्याला साधन नाही, आणि ते करणाऱ्याला ओळखही मिळत नाही.

हे काम म्हणजे बादल्या ओतणं, असा समज असेल तर कडब्याची गंजी पेटते तेव्हा काय होतं ते नीट पाहायला हवं. पावसाचं पाणी वरून ओघळून जावं म्हणून पेंढ्या उतरत्या रचलेल्या असतात. तीच रचना आगीच्या वेळी उलटते. टँकरच्या पाइपने वरून कितीही पाणी मारलं, तरी ते बाहेरच्या बाहेर ओघळतं आणि पोटात निखारा धुमसत राहतो. ज्वाळा बसल्या म्हणून लोक घरी जातात आणि पहाटे वारा सुटला की गंजी पुन्हा भडकते. जाणता माणूस पेटलेल्या गंजीवर सगळं पाणी संपवत नाही. तो आधी वाऱ्याची दिशा बघतो, शेजारची न पेटलेली गंजी आणि गोठ्याचं छप्पर भिजवून घेतो, जनावरांची दावी कापून त्यांना लांब न्यायला एका माणसाला सांगतो, वायरमनला फोन लावून लाइन बंद झाल्याची खात्री करून घेतो. मग पेटलेली गंजी दाताळ्याने ओढून मोकळी पसरवतात आणि थर थर करून विझवतात. गवताचा वणवा असेल तर हिरव्या फांद्यांनी झोडपणं, ट्रॅक्टरने पट्टा नांगरून आगीची वाट तोडणं, वनखात्याची जाळरेषा कुठं आहे हे ठाऊक असणं, ही सगळी विद्या आहे. ती पुस्तकात फारशी सापडत नाही. चार-दोन आगी विझवलेल्या माणसांच्या हातांत असते आणि ती माणसं गेली की त्यांच्याबरोबर जाते. त्यामुळे स्मरणाचा प्रश्न भावनेइतकाच व्यवहाराचाही आहे. त्या माणसाने काय काय केलं हे लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या पिढीला पहिल्या आगीपासून पुन्हा शिकावं लागतं.

गणवेशातल्या अग्निशमन जवानांचं स्मरण आपण करतो, आणि ते करायलाच हवं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला मोठा स्फोट झाला आणि त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. तेव्हापासून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि पुढे २० तारखेपर्यंत सप्ताह चालतो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासला लागलेल्या आगीत इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्यात गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचा भाजल्यामुळे पुढच्या काही दिवसांत मृत्यू झाला. दलाचा प्रमुख स्वतः पेटत्या इमारतीत शिरलेला होता, हे महाराष्ट्राच्या लक्षात राहिलं. ही नावं आपल्याला सांगता येतात, कारण ती हजेरीपटावर होती. व्हिक्टोरिया गोदीत १९४४ च्या त्या दुपारी किंवा नंतरच्या कितीतरी आगींत जे हमाल, दुकानदार, शेजारी मदतीला धावले, त्यांची गणती मृतांच्या किंवा जखमींच्या एकूण आकड्यात झाली. मदत करणारे म्हणून त्यांची वेगळी नोंद उरली नाही. यात ६६ जणांचा मान कुठंही उणावत नाही. स्मरण टिकायला काय लागतं, एवढंच यातून दिसतं.

स्वयंसेवी अग्निशमन ही कल्पना परदेशातून आणून इथं लावायची आहे, असं कुणाला वाटेल. पण नोंदवलेल्या, शिकवलेल्या स्वयंसेवकाची परंपरा आपल्याकडे आहे; तिला खेड्यातल्या आगीपर्यंत कुणी आणलं नाही, इतकंच. डिसेंबर १९४६ मध्ये दंगलींच्या दिवसांत मुंबई प्रांतात गृहरक्षक दल उभं राहिलं; तेव्हा मोरारजी देसाई गृहमंत्री होते. पोटापाण्याचा धंदा सांभाळून समाजाच्या कामाला यायचं, हीच होमगार्डची मूळ कल्पना. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याने हवाई हल्ल्याच्या वेळी आग विझवणं, जखमींना हलवणं यासाठी स्वयंसेवकांची व्यवस्था केली आणि २००९ च्या दुरुस्तीने तिच्यात आपत्ती व्यवस्थापनही आणलं. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ‘आपदा मित्र’ योजना सुरू केली. पूरप्रवण ३० जिल्ह्यांतल्या सहा हजार लोकांपासून सुरुवात करून पुढे ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक असं उद्दिष्ट ठेवलं. त्यात बारा दिवसांचं प्रशिक्षण आहे आणि विमाही आहे. जिल्ह्याच्या पातळीवर हे जमतं, तर गावाच्या पातळीवर पंधरा-वीस माणसांचं अशा धर्तीवर पथक करायला अडचण काय आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

जगात हे कसं चालतं ते पाहिलं की दोन गोष्टी कळतात. चिलीत सगळ्या देशाचं अग्निशमन स्वयंसेवकांवर चालतं. १८५१ मध्ये वाल्परायसो बंदरात पहिलं दल निघालं. १८६३ मध्ये सांतियागोत एका चर्चला लागलेल्या आगीत सुमारे दोन हजार लोक गेले आणि त्या धक्क्यातून राजधानीतही दल उभं राहिलं. जर्मनीत दहा लाखांच्या आसपास लोक स्वयंसेवी दलांत आहेत. पगारी दलं शंभराच्या वर थोड्या शहरांतच आहेत. पण तिथला स्वयंसेवक काम सोडून आगीवर गेला तर त्याचा पगार बुडत नाही, मालकाला त्याची भरपाई मिळते आणि दुखापत झाली तर सरकारी अपघात विमा लागू होतो. पहिली गोष्ट म्हणजे हे काम स्वयंसेवक उत्तम करू शकतात. दुसरी म्हणजे पगार नसला तरी त्यामागे कायद्याचं पाठबळ लागतं. नुसत्या उत्साहावर कोणतंही दल दीडशे वर्षं चालत नाही. आणि पाठबळ असूनही अडचणी येतातच. जपानमध्ये गावोगावच्या अग्निशमन पथकांची संख्या वर्षागणिक घटते आहे, कारण तरुण गाव सोडून शहरांत जातात. खुलताबादच्या वस्त्यांवरची तरुण मुलं वाळूजच्या कारखान्यांत पाळीवर जातात तेव्हा दुपारी दोन वाजता गावात कोण उरतं, हा प्रश्न इथंही तितकाच खरा आहे. त्याचं उत्तर पथकात बायकांना घेण्यात आहे. दुपारच्या आगीवर पहिली बादली बहुधा बाईच ओतते. यादीत मात्र तिचं नाव क्वचितच लागतं.

यावर सगळ्यात गंभीर आक्षेप जिवाच्या धोक्याचा आहे. शिकाऊ माणसाला आगीच्या तोंडी देऊ नका, बंबवाल्यांना त्यांचं काम करू द्या, असं म्हणणारे चूक नाहीत. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या कुटुंबातले सात जण गेले. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोचली नव्हती. त्यांचा जीव धुराने घेतला. फोम, रेक्झिन, प्लास्टिक जळून निघणाऱ्या धुरात ओला रुमाल तोंडाला बांधून आत शिरणारा धाडसी माणूस दोन मिनिटांत कोसळू शकतो, कारण ओलं कापड कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. पण या आक्षेपाचा शेवट कुठं होतो ते पाहा. प्रशिक्षण दिलं नाही म्हणून माणसं धावायची थांबत नाहीत. ती न शिकता धावतात. शिक्षणाचा पहिला धडा आत कसं शिरायचं हा नसतोच. कधी शिरायचं नाही, हा असतो. २०११ च्या त्सुनामीत जपानच्या स्वयंसेवी पथकांतले अडीचशेहून अधिक लोक गेले. त्यांतले कितीतरी जण समुद्राचे दरवाजे बंद करताना किंवा म्हाताऱ्या माणसांना हलवताना वाहून गेले. त्यानंतर तिथं ठरलं की अमुक वेळेनंतर स्वयंसेवकाने काम टाकून उंच जागी निघून जायचं. मागे फिरण्याचा नियम लेखी असला की तो पाळणाऱ्याला भित्रा म्हणता येत नाही. आपल्याकडे असा नियम नाही आणि त्यामुळे भिडेखातर आत गेलेल्या माणसाला थांबवणारं कुणी नसतं.

दुसरा आक्षेप राजकीय आहे: गावकऱ्यांना पथकं काढायला सांगितली की सरकार हात झटकून मोकळं होईल, बंब आणि अग्निशमन केंद्रं द्यायची जबाबदारी टाळेल. ही भीती निराधार नाही, पण ती घटनाक्रम उलटा वाचते. ग्रामीण भागात सरकारची जबाबदारी आजच जवळजवळ नाही. स्वयंसेवक असोत वा नसोत. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवण्यासाठी पाच हजार कोटींची योजना आणली. अशा पैशातला वाटा तालुक्याला मागायचा, तर गेल्या वर्षात किती आगी लागल्या, बंब किती वेळात आला, तोवर कुणी काय केलं, याची नोंद हातात लागते. ती नोंद आज तलाठ्याच्या पंचनाम्यात नुकसानीपुरती असते. किती कडबा, किती जनावरं, किती पत्रे. गावाचं पथक असेल तर वेळेचीही नोंद होईल, आणि ‘बंब सव्वा तासाने आला’ हे कागदावर असलेलं वाक्य मोर्चातल्या घोषणेपेक्षा जड पडतं. पथक हे सरकारची जागा घेत नाही; सरकारकडे बोट दाखवणारा साक्षीदार तयार करतं.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. गावात मदत आपोआप होते. तिला रजिस्टर, पद, प्रमाणपत्र लावलं की राजकारण शिरतं, अध्यक्ष कोण यावरून भांडणं होतात, आणि ज्याचं नाव यादीत नाही तो ‘मला काय त्याचं’ म्हणून बाजूला उभा राहतो. गावचे तंटे ठाऊक असलेल्या कुणालाही यात तथ्य दिसेल. पण आपोआप होणारी मदत आपोआप वाटलीही जाते आणि ती सारखी वाटली जात नाही. रस्त्याकडेच्या बंगल्याला आग लागली की शंभर माणसं जमतात. गावाबाहेरच्या वस्तीवर, ऊसतोड मजुराच्या पालाला लागली तर किती जमतील, याचा अंदाज प्रत्येकाने मनाशी करावा. नाव लिहिलेलं पथक असलं की कुणाकडे जायचं आणि कुणाकडे नाही हे निवडायची मुभा राहत नाही. अध्यक्षपदाचं भांडण टाळायला अध्यक्षच नेमू नये; बंब बोलावणारा एक, पाण्याचा टँकर आणणारा एक, वायरमनशी बोलणारा एक, लोकांना मागे ठेवणारा एक, एवढी वाटणी पुरते. कामाला माणूस नेमला की पदाला माणूस नेमायची गरज कमी होते.

आता घराचा प्रश्न. निधनवार्तेत ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द सवयीने पडतो. पण आगीवर धावणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्या शब्दाचं मोल घरच्यांनी रोख चुकवलेलं असतं. बुडालेली मजुरी, मध्यरात्री उघडं टाकून गेलेलं दार, धुराने भरलेली छाती हे सगळं घरच्यांच्या वाट्याला येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या व्यवसायाला कर्करोगकारक ठरवलं. धूर एका दिवसात मारत नाही तेव्हा वर्षांनी मारतो, आणि तेव्हा त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. कायदाही इथं अपुरा पडतो. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं. शेजाऱ्याच्या पेटत्या घरात शिरणाऱ्याला तसं काही नाही. शेतकऱ्यांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे अपघात सानुग्रह योजना आहे, पण ती खातेदार आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीपुरती; सातबारावर नाव नसलेला मजूर तिच्याबाहेर राहतो. आणि आगीवर सर्वांत पुढे असणारा बहुधा तोच असतो. यावर महागडा उपाय लागत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे. वीस जणांच्या पथकाला वर्षाला चारशे रुपये. प्रत्येकाच्या बँक खात्यातून कापलेला हा हप्ता ग्रामपंचायतीने भरून दिला, तर ‘गरीब पंचायतीला हे परवडणार नाही’ हा आक्षेप उभाच राहत नाही.

या सगळ्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. दरवर्षी १४ ते २० एप्रिलचा आठवडा अग्निशमन सप्ताह म्हणून असतोच, आणि १ मेची ग्रामसभा त्याच्या मागोमाग येते. सप्ताहात नगरपरिषदेच्या किंवा शहराच्या अग्निशमन दलाने तालुक्यातल्या गावांतून दोन-दोन दिवसांचं शिक्षण द्यावं. १ मेच्या ग्रामसभेत पथकाची नावं ठरावात वाचून लिहावीत, दाताळी, फावडी, गोणपाटं आणि पाइप कुठं ठेवलेत ते लिहावं, मागे फिरण्याचा नियम लिहावा, विम्याचे हप्ते भरल्याचं लिहावं. वर्षभरात कोणत्या आगीवर कोण गेलं, त्याची तारीख त्याच वहीत पडावी. पहिल्या वर्षी ठरावात एक भर घालता येईल: आजवर हे काम केलेल्या आणि आता नसलेल्या माणसांची नावं, ज्यांना आठवतात त्यांनी सांगितलेली. ती यादी अपुरी राहील, काही नावांवरून वाद होतील, आणि तरीही ती करावी. कारण ज्या गावाने आपल्या जुन्या आग विझवणाऱ्यांची नावं लिहिली, त्याच गावातला तरुण आपलं नाव पुढच्या यादीत द्यायला तयार होईल.